शून्य पॉइंट सहा

१४ ऑक्टोबर, सोमवार

नव्या ई-सिगारेट यंत्राचे नमुने आज वर आले. चार डबे, तेल तापवणाऱ्या चार प्रकारच्या कॉइल. एक चिनीमातीची, १.२ ओहमची. बाकी तीन कापसात गुंडाळलेल्या जाळीच्या: १.०, ०.८ आणि ०.६. यंत्र एकच, बॅटरी एकच, तेलही एकच, लिची-बर्फ चवीचं. वाफ करणाऱ्या अ‍ॅटोमायझरमध्ये यांतली कोणती बसवायची ते आमच्या चव-खोलीनं ठरवायचं.

मालक ओउयांगसाहेब स्वतः आले होते, खरी सिगारेट न पेटवता बोटांत धरून. म्हणाले, "वस्ताद, गिऱ्हाईक काय म्हणतंय ऐका. पहिल्या झुरक्यापासून शेवटच्यापर्यंत चव मेली नाही पाहिजे. गेल्या दोन ऑर्डरी समोरच्या कारखान्यानं पळवल्या. हीही गेली तर या खोलीत मी पॅकिंगची टेबलं लावीन."

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"टेबलांवर."

पंग हसला. त्याला कशावरही हसू येतं.

खोलीत आम्ही पाच जण. पहिल्या खुर्चीवर मी. मी ओढतो आणि सांगतो, मग पंग, मग क्वांगशीचे दोघे भाऊ, शेवटी शाओमान. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडेही हीच रीत होती. घरात थोरल्यानं जेवणाच्या काड्या उचलल्याशिवाय ताटाला कोणी हात लावत नाही, तसंच हे.

शाओमान लुओची मुलगी. लुओ आणि मी श्यांगशीच्या एकाच डोंगरातले, एकाच बाकावरचे. दोन वर्षांपूर्वी तिनं मला चहाचा पेला दिला, गुडघे टेकले आणि मला गुरू केलं, तेव्हा लुओ फोनवर होता. म्हणाला, "दफेई, पोरगी तुझ्या पदरात घातली." वर्षअखेरीला तिला कायम करायचं आहे. माझ्या शिफारशीवर ते होईल.

कँटीनचा नवा स्वयंपाकी इथलाच, क्वांगतुंगचा. मीठ हा पदार्थ त्याच्या ऐकण्यात नाही.

कारखान्याच्या वहीत आकडे जातात. उरलेलं मी इथे लिहितो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

चिनीमातीची कॉइल बाद केली. वाफ मऊ, घशाला काहीच लागत नाही, आणि लिची म्हणाल तर शेजारच्या खोलीत कुणी तरी सोलतंय इतपत. मी म्हणालो, "भिजलेला पुठ्ठा." पंग म्हणाला, "अगदी पुठ्ठा." भावांनी माना डोलावल्या.

शाओमान जरा थांबली. "वस्ताद, मला लिची लागली. सालीजवळचा तुरटपणासुद्धा लागला. छान होता."

"तुरटपणासुद्धा?" पंग म्हणाला. "बी लागली का गं?"

सगळे हसले, तीही हसली. मी तिला समजावलं की कोवळ्या जिभेला सगळंच लागतं, गिऱ्हाईकाची जीभ कोवळी नसते. सांगताना मला ते बरोबर वाटलं, अजूनही वाटतंय. फक्त तुरटपणाचं कोडं सुटेना म्हणून खाली तेलघरात विचारलं. तिथला माणूस म्हणाला, हो, या वेळी सालीचा अर्क घातलाय. पोरगी आधीच जाऊन विचारून येते की काय? तसं करू नये. तिला एकदा सांगायला हवं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

१.० ओहमचीही बाद. गरम पाण्यात साखर घालायला विसरल्यासारखी. सगळ्यांचं एकमत, शाओमानचंही. ती शिकते आहे.

जिभेवर एक साय धरल्यासारखं वाटतं. हवा बदलली की होतं असं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना माझ्या बायकोनं, चुनलाननं, मिरचीची बरणी माझ्यासमोरून उचलली.

"म्हाताऱ्या, ही मी सोमवारी उघडली होती."

"मग?"

"तळ दिसतोय. चव घेणाऱ्यानं आठवडाभर मिरचीला शिवायचं नाही, ही शिस्त कुणाची होती?"

"हिच्यात मिरची आहे कुठे? हल्ली बाजारात लाल रंगाचं काहीही विकतात."

तिनं काडीच्या टोकावर एवढंसं घेऊन जिभेला लावलं. मग उठून पाणी प्यायली आणि बरणी परत माझ्यासमोर ठेवली. ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते, तीनशे पोरांचं सूप चाखते. पूर्वी चवीवरून माझ्याशी तास तास भांडायची. आता भांडत नाही. वय झालं दोघांचं.

३० ऑक्टोबर, बुधवार

काल ०.८ बरी वाटली होती, पण अर्धवट. आज ०.६ लावली आणि पहिल्यांदा काहीतरी *आलं*. झुरका घशाला बसला, छातीत उतरला, आणि मागून बारीकसं गोड. किती दिवसांनी असं झालं. मी डोळे मिटून दुसरा ओढला, तिसरा ओढला. म्हणालो, "हीच."

पंगनं ओढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दणका आहे, वस्ताद," तो म्हणाला. "हीच." भावांनीही हीच म्हटलं. धाकटा खोकला आणि खोकता खोकता अंगठा वर केला.

शाओमाननं यंत्र खाली ठेवलं. "करपट आहे."

धाकट्यानं वर केलेला अंगठा खाली घेतला.

"पहिल्या दोन झुरक्यांना नाही, वस्ताद. तिसऱ्यापासून. कापूस जळतोय."

मी पुन्हा ओढला. करपट काही नव्हतं. करपट मला कळत नाही असं कसं होईल? या कारखान्यात करपलेला कापूस ओळखायला मीच सगळ्यांना शिकवलं. तिला म्हणालो, "आपण पाच जण आहोत. चौघांना एक लागतं आणि तुला दुसरं. कुणी तपासून बघायचं, आम्ही की तू?"

"मी," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

राग नव्हता आला मला. वाईट वाटलं. हिला कायम करा असं कोणत्या तोंडानं सांगू?

५ नोव्हेंबर, मंगळवार

झाई वर आली. ती आमची इंजिनिअर, हुशार बाई, पण बोलते फळ्यावर लिहिल्यासारखी. म्हणाली, "बॅटरी तीच आहे ना? मग ओहम जितके कमी तितकी वीज जास्त ओढली जाणार आणि तार तापणार. १.२ ला जेवढी तापते त्याच्या दुप्पट ०.६ ला. तेवढ्या वेगानं तेल कापसात चढत नाही. सलग ओढलं की कापूस कोरडा पडतो आणि जळतो. ०.६ च हवी असेल तर तेलाची भोकं मोठी करा, तेल पातळ करा, साचा बदला."

"साचा बदलायला नववर्ष उजाडेल," ओउयांगसाहेब म्हणाले.

"मग ०.८ घ्या. नाहीतर १.०."

मी म्हणालो, "झाईबाई, तुमचं चाचणीचं यंत्र झुरके मोजतं. त्याला जीभ आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून ते खोटं बोलत नाही."

पंग हसला आणि माझ्याकडे बघून थांबला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वस्तादांची जीभ म्हणजे या कारखान्याची फूटपट्टी. ते ०.६ म्हणतात, तर ०.६."

बाहेर पडताना झाईनं शाओमानला जिन्यात थांबवलेलं दिसलं. दोघी बोलत होत्या. मला पाहून थांबल्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज सुट्टी असून शाओमानला बोलावलं. शिफारस करायची तर मला खात्री हवी. खोलीत आम्ही दोघंच, दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर. वाफ ओढणारा पंखा शनिवारी बंद असतो.

०.६ तिच्यापुढे ठेवली. म्हणालो, "मागून बारीकसं गोड येतं. ते सापडेपर्यंत ओढ. घाई नाही. मी बसलोय."

तिनं ओढलं. "करपट."

"करपट विसर. त्याच्या मागे जा."

पुन्हा ओढलं. कोमट पाणी प्यायली, वाफवलेल्या पावाचा तुकडा चघळला, पुन्हा ओढलं. मलाही माझ्या वस्तादांनी असंच बसवलं होतं, पुदिन्याच्या दोन जाती वेगळ्या ओळखेपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळी मी ओकलो होतो, पण त्यानंतर आयुष्यात पुदिना चुकला नाही.

"वस्ताद, घसा सोलवटलाय."

"पहिल्यांदा सोलवटतोच."

"छातीत जळजळतंय."

"तुझ्या बाबाला मी काय सांगू? चार झुरक्यांत थकली म्हणून?"

हे म्हणायला नको होतं. ती खरंच चिकाटीची आहे. ओढत राहिली. टाकी संपली तेव्हा मी दुसरी भरून दिली. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. मधेच तिला खोकल्याची उबळ आली, ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली, बसली.

मग एक झुरका तिनं बराच वेळ आत धरला. डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाली, "आलं, वस्ताद. गोड आलं."

"कसं?"

"बारीकसं. मागून."

मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. खाली उतरून तिला उसाचा रस पाजला. तिनं अर्धा ठेवला. घरी आल्यावर लुओला फोन केला, म्हणालो, "तुझी पोरगी तयार झाली."

१८ नोव्हेंबर, सोमवार

नमुना मोहोरबंद झाला. पिशवीत ०.६ चं यंत्र, वर माझी सही. आता माल या नमुन्याबरहुकूम निघणार. साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना जेवायला नेलं. इथे शाजिंगमध्ये कालवं वाळायला घातली आहेत, गच्च्यांवर, गल्ल्यांत, दोऱ्यांवर. पूर्वी या दिवसांत गल्लीतून जाताना नाक धरावं लागायचं. यंदा वासच नाही. समुद्रात काय सोडतात कुणास ठाऊक.

शाओमान जेवली नाही. खोकला. वसतिगृहातल्या ओलीचा असणार.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

माल निघायला लागला. प्रत्येक खेपेतली थोडी यंत्रं काढून ओढून बघावी लागतात. ते काम मी शाओमानला दिलं. वर्षअखेरीआधी साहेबांच्या डोळ्यांसमोर तिचं नाव यावं म्हणून. झाई येऊन म्हणाली, "तिला थोडे दिवस दुसरं काम द्या." मी म्हणालो, "तुम्हाला तिचं भलं नको का?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

शाओमान प्रत्येक कागदावर लिहिते: नमुन्याप्रमाणे.

३ डिसेंबर, मंगळवार

शाओमान आली नाही. वसतिगृहातल्या पोरींनी सांगितलं, पहाटे जिना चढताना मधेच बसली, ओठ निळे पडले होते, श्वास लागेना. इस्पितळात नेलं.

संध्याकाळी गेलो. नाकात नळी. बोलू नको म्हणालेत. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, दोन्ही फुप्फुसं सुजली आहेत, जंतू सापडत नाही. "ही काय ओढते?"

मी सांगितलं.

"दिवसभर?"

"कामच ते आहे."

"जळकं ओढलंय का? म्हणजे कापूस, तेल, काही जळलेलं?"

"नाही," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलंय."

६ डिसेंबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. झाईनं कामगार कचेरीत कळवलंय. कामामुळे झालेली इजा म्हणून नोंद झाली तर उपचार आणि पुढचं सगळं कारखान्याकडे, नाही तर पोरगी आणि तिचा बाप. साहेब म्हणाले, "कचेरीचा माणूस येईल. तो विचारेल, कॉइल जळत होती का. तुम्ही जे चाखलं तेच सांगा, वस्ताद. मी खोटं बोला म्हणत नाही."

खोटं बोलायचा प्रश्नच नाही. जे चाखलं ते चाखलं.

तरी आज चव-खोलीत एकटा बसून ०.६ ओढून पाहिली. तेच, दणका आणि मागून गोड. मग कपाटातून हिरव्या झाकणाची टाकी काढून ओढली. जुन्या मालातली असावी. चांगली होती. कलिंगड, शेवटी किंचित मध. पंग दारात आला तेव्हा त्याला म्हटलं, "हे कलिंगड कुणी बनवलं होतं? आता असं बनत नाही."

पंग नेहमीसारखा हसला नाही. "वस्ताद, हिरवं झाकण गळती तपासायला असतं. त्यात नुसतं कोरं, बिनचवीचं तेल भरतात."

"मग चुकून भरलं असेल कुणी तरी."

"असेल," तो म्हणाला.

चुकून भरलं असणार. भरणारी पोरं सारखी बदलतात.

८ डिसेंबर, रविवार

लुओ आला. एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून, गुडघ्यापर्यंत मळलेली पॅन्ट, हातात पिशवी. आधी इस्पितळात गेला, मग आमच्याकडे. पोरीबद्दल फार बोलला नाही. म्हणाला, "झोपली होती. हात गरम होते." मग पिशवीतून धुरावलेलं डुकराचं मांस काढलं. "हिवाळ्याचं पहिलं. तुझ्यासाठी आणलं. रिकाम्या हातानं कसा येऊ? पोरीसाठी एवढं करतोस."

चुनलाननं ते कापून वाफवायला ठेवलं. झाकण काढताना ती थोडी मागे सरकली. मला वाटलं, वाफ लागली.

मी तीन तुकडे खाल्ले. म्हणालो, "लुओ, धुराची लज्जत आपल्या डोंगरातच. इथे मिळत नाही ही." चौथा उचलला.

चुनलाननं माझं मनगट धरलं. "थुंक."

"काय?"

"थुंक ते. सडलंय."

मी लुओकडे पाहिलं. त्यानं काड्या कधीच खाली ठेवल्या होत्या. मान खाली, कान लाल. पुटपुटला, "बसमध्ये इंजिनाजवळ ठेवलं होतं. भांड्यातून वास आला तेव्हाच कळलं मला. पण तू इतक्या आवडीनं खात होतास... मला वाटलं तू माझी लाज राखतोयस."

मी भांड्यावर वाकलो. नाक अगदी मांसाला लावलं. गरम होतं. गरम, एवढंच.

मी चुनलानला विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. मी सूप बिनमिठाचं ठेवून बघितलं, दोनदा. तू प्यायलास."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं तू लपवतोयस. जीभ गेल्यावर आपण खायचं काय? म्हणून मीही गप्प राहिले."

लुओला यातलं काही समजलं नाही. तो विचारत होता, वहिनी, याला बरं नाही का?

मला माहीत नव्हतं. हे इथे लिहून ठेवतो. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, मला खरंच माहीत नव्हतं. लिहिताना मात्र कोरं तेल आठवतंय, आणि मिरची, आणि तो तुरटपणा. कळायला जागा बऱ्याच होत्या.

१० डिसेंबर, मंगळवार

शाओमानची नळी काढली आहे. उशीला टेकून बसली होती. लुओ खाली रांगेत होता. मी तिला सांगितलं, उन्हाळ्यापासून माझ्या जिभेला काही कळत नाही. ०.६ मध्ये मला जे लागलं ती चव नव्हती. नुसता चटका होता.

तिनं ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"त्या शनिवारी गोड लागलंच नव्हतं, वस्ताद," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "तुम्ही थांबवत नव्हता. म्हणून म्हटलं."

"माहीत आहे. आता माहीत आहे."

"मग पुढे प्रत्येक कागदावर तेच लिहावं लागलं. एकदा गोड म्हटल्यावर."

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

घोटभर पिऊन म्हणाली, "बाबांना हे सांगू नका. मी खोटं सांगितलं हे. त्यांना वाटेल, त्यामुळेच झालं."

डॉक्टर म्हणतो, जीव वाचला, पण फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. तिच्या गावाला रस्त्यापासून घरापर्यंत सगळा चढ आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गिऱ्हाईकाचा फोन आला होता. पहिली खेप पोचली. खूश आहे. म्हणतो, असा दणका दुसऱ्या कुणाच्या मालात नाही. पुढच्या वेळी ०.४ करता येईल का विचारतोय."

"साहेब, ती जळते."

"ओढणारे ओढताहेत ना?"

"एक पोरगी इस्पितळात आहे."

"दिवसभर कोण ओढतं, वस्ताद? घेणारा माणूस दोन झुरके ओढतो आणि खिशात ठेवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जिभेचं बाहेर बोलू नका. जीभ गेली तरी खुर्ची आहे. मी कुठे काढतोय तुम्हाला?"

साहेब वाईट माणूस नाही, असं इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो.

१६ डिसेंबर, सोमवार

कामगार कचेरीचा अधिकारी दहा वाजता आला. पन्नाशीचा, थकलेला, हातात स्वतःचा चहाचा थर्मास. साहेब त्याला चव-खोलीत घेऊन आले. झाई आधीच कापलेल्या कॉइल घेऊन उभी होती, आतला कापूस काळा. अधिकाऱ्यानं तो चिमट्यानं उलटा-पालटा केला.

"हा कसा काळा झाला?"

"सलग ओढल्यावर," झाई म्हणाली.

"बाई माझ्याशी भांडून राजीनामा देऊन बसल्यात," साहेब म्हणाले. "यंत्रावर तासभर लावली तर कुठलीही काळी होईल. माणसानं ओढल्यावर काय होतं ते या लोकांना विचारा."

मी उभा राहिलो. रात्रभर जे ठरवलं होतं ते बोललो. नमुन्यावर सही माझी आहे. तेव्हा मला चव कळत नव्हती, आताही कळत नाही. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी करपट म्हटलं होतं, मी तिला गप्प केलं. एका शनिवारी तिला पंखा बंद असलेल्या खोलीत बसवून एक टाकी संपल्यावर दुसरीही ओढायला लावलं. तिला जे झालं ते या कॉइलनं आणि माझ्यामुळे झालं.

अधिकाऱ्यानं लिहिणं थांबवलं. "म्हणजे तुम्हाला चव कळत नाही?"

"नाही."

"वासही?"

"नाही."

"मग ती जळत होती हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "ती म्हणाली होती ना."

"तिचं म्हणणं माझ्याकडे आहे. ती अर्जदार आहे. मला दुसऱ्या कुणाचं हवंय." तो चांगल्या आवाजात बोलत होता. "ज्याला चव कळत नाही त्याची चवीबद्दलची साक्ष मी कशी धरू, दादा? तुम्हीच सांगा."

म्हणून मी पंगकडे वळलो. म्हणालो, "तुम्ही तिघं सांगा. आज मी आधी बोलणार नाही. तुम्ही ओढा आणि लागेल ते सांगा."

०.६ त्याच्या हातात दिली. त्यानं ओढलं. एक, दोन, तीन, चार. डोळ्यांत पाणी तरारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दोन वर्षांत प्रत्येक वेळी तो असाच बघायचा, पण तो काय शोधतोय ते मला आज दिसलं.

"नमुन्याप्रमाणे आहे," तो म्हणाला.

"करपट?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"वस्तादांनी तेव्हा जे सांगितलं, तेच."

थोरला भाऊ म्हणाला, तेच. धाकटा खोकला आणि म्हणाला, तेच.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं: तिघांची साक्ष, दोष नाही. झाईचं म्हणणं वेगळं जोडलं. थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि साहेब त्याला खाली पोचवायला गेले. झाई तिच्या कॉइल गोळा करून निघून गेली, कुणाशी न बोलता.

मी पहिल्या खुर्चीवर बसलो. यंत्र हातात होतंच, ओढत राहिलो. चटका बसत होता. मागून येणारं ते बारीकसं गोड शोधत होतो आणि ते येत होतं. अजूनही येत होतं.

पंगनं बाहीनं नाक झाकलं. जाऊन खिडकी उघडली. "बास करा, वस्ताद. खोलीभर करपलंय."

"काय म्हणालास?"

"पहिल्या दिवसापासून करपट आहे." त्याचा आवाज फाटला. "तुम्हाला कळत नाही असं कुणाला वाटणार? आम्हाला वाटलं, तुम्ही आम्हाला कळत नाही असं काहीतरी चाखताय."

मी उठलो. खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. अधिकाऱ्याची गाडी फाटकाच्या आतच उभी होती, साहेब तिच्या खिडकीशी वाकून काहीतरी बोलत होते. म्हणालो, "पंग, गाडी अजून आहे. तू धाव, तुझे पाय चांगले आहेत. एवढंच सांग."

तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कठड्यावर हात ठेवले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, पहारेकऱ्यानं दांडी वर केली, पुढे एक मालाचा ट्रक आडवा होता तो निघेपर्यंत गाडी तिथेच थांबली, बराच वेळ. पंग बघत होता. मीही बघत होतो. मग ट्रक गेला.